किल्लारीच्या भूकंपाची तारीख कोणती?

धाराशिव जिल्ह्यात पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही किल्लारीचा भूकंप कधी झाला असे विचारले, तर उत्तर घड्याळासकट मिळते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. गणपती विसर्जन आटोपून गावे नुकती झोपली होती. लातूर जिल्ह्यातले किल्लारी, आणि तेव्हा उमरगा तालुक्यात असलेले, आता लोहारा तालुक्यात मोडणारे सास्तूर, अशी कितीतरी गावे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेली. मृतांचा आकडा निरनिराळ्या अहवालांत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला आहे.

हाच भूकंप परदेशी शोधनिबंधांत शोधायला गेले, तर तारीख भेटते २९ सप्टेंबर. ही छपाईची चूक नव्हे. भूकंपशास्त्र जागतिक प्रमाणवेळ वापरते आणि ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. सास्तूरमध्ये ३० तारखेची पहाट होत होती तेव्हा त्या घड्याळात २९ तारखेच्या रात्रीचे साडेदहाही वाजले नव्हते.

नावाचीही तीच गत. कुणी त्याला किल्लारीचा भूकंप म्हणतो, कुणी इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त घालून खिल्लारीचा, कुणी लातूरचा, कुणी नुसता मध्य भारतातला. उस्मानाबाद हे नाव शीर्षकात क्वचित येते, आणि धाराशिव हे जिल्ह्याचे अधिकृत नाव तर २०२३ मध्ये झाले. भूकंपातून वाचलेल्यांच्या मानसिक आजारांवर अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या एका नामांकित नियतकालिकात १९९६ साली प्राथमिक अहवाल छापला गेला. त्याच्या शीर्षकात किल्लारी नाही, लातूर नाही, महाराष्ट्रही नाही. 'एक तीव्र भूकंप', एवढाच उल्लेख.

जिल्ह्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याने 'उस्मानाबाद भूकंप' असे दोन शब्द टाकून शोध घेतला, तर बरेचसे साहित्य त्याच्या हातून निसटणार. वाईट भाग पुढेच आहे. निसटले हे त्याला कळणारही नाही. आपल्या भागावर कुणी फारसे काम केलेले नाही असे समजून तो प्रबंधात तसे वाक्य लिहून मोकळा होईल.

दवाखान्यात हा अनुभव रोजचा असतो. 'पोटात दुखतं का?' असे विचारले की पेशंट 'नाही' म्हणतो. 'आग पडते का, कळ येते का, मुरडा येतो का?' असे विचारत गेले की तिसऱ्या शब्दाला मान हलते. दुखणे पहिल्यापासून होतेच, डॉक्टरचा शब्द चुकला होता. शोधनिबंधांच्या साठ्याला प्रश्न विचारतानाही हेच घडते. फरक इतकाच, की पेशंट समोर बसलेला असतो, त्याचा चेहरा दिसतो. साठा गप्प राहतो.

या बाबतीत खगोलशास्त्रज्ञांनी एक फार चांगली सोय करून ठेवली आहे आणि ती मराठवाड्यातल्या कुठल्याही महाविद्यालयातून फुकट वापरता येते. अमेरिकेच्या नासाच्या पैशावर, स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेकडून चालवली जाणारी 'ॲस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टिम', म्हणजे एडीएस. खगोलशास्त्रातल्या लेखांची ही सूची १९९३ साली, म्हणजे किल्लारीच्याच वर्षी, संशोधकांच्या वापरात आली. आज तिच्यात दीड कोटीहून अधिक नोंदी आहेत. इंटरनेट कूर्मगतीचे होते तेव्हा तिची एक प्रत पुण्याच्या 'आयुका'मध्ये ठेवलेली असे, म्हणजे भारतातल्या संशोधकाला प्रत्येक प्रश्नासाठी समुद्रापार जावे लागू नये. पुढे वेग वाढला आणि ती गरज उरली नाही.

खगोलशास्त्राच्या सूचीत भूकंप कसा, असे कुणीही विचारेल. भौतिकशास्त्र, ग्रहविज्ञान, भूभौतिकी ही शेजारची घरे आहेत आणि त्यांची नियतकालिकेही या सूचीत घेतली गेली आहेत. त्यामुळे किल्लारीखालच्या खडकांचा अभ्यास इथे भेटतो. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित हा समज या भूकंपाने मोडला. २००२ च्या राष्ट्रीय नकाशातून सर्वांत कमी धोक्याचा 'झोन एक' हा पट्टाच काढून टाकण्यात आला. किल्लारीत ६१७ मीटर खोल विंधण घेतले तेव्हा काळ्या बसाल्टचा थर ३३८ मीटरवर संपतो आणि खाली जुना खडक लागतो, हे दिसले. जिल्ह्यात आजही अधूनमधून जमिनीतून गूढ आवाज येतो आणि तासाभरात मोबाइलवर अफवांचा पूर येतो. ज्या जमिनीवर आपण राहतो तिच्याविषयी एवढे लिहून ठेवलेले असताना ते आपल्या शाळा-महाविद्यालयांपर्यंत पोचू नये, हे बरे नाही.

ही सूची वापरण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे संकेतस्थळ उघडून चौकटीत शब्द टाकायचे. दुसरा मार्ग या लेखाचा खरा विषय आहे. पायथन या संगणकभाषेत 'एडीएस' याच नावाची एक लायब्ररी आहे. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांची खोली नव्हे. कुणीतरी आधी लिहून ठेवलेला, कुणालाही आपल्या प्रोग्राममध्ये जोडता येईल असा कोडचा संच. अँडी केसी या खगोलशास्त्रज्ञाने ती सुरू केली आणि सगळ्यांसाठी खुली ठेवली. एडीएसवर मोफत खाते काढायचे, तिथून एक सांकेतिक किल्ली घ्यायची आणि मग पाच-सहा ओळींत प्रश्न लिहायचा. मराठीत सांगायचे तर तो असा: सारांशात किल्लारी किंवा खिल्लारी किंवा लातूर यांपैकी एक नाव हवे, सोबत भूकंप हा शब्द हवा, वर्ष १९९३ नंतरचे, फक्त तज्ज्ञांकडून तपासून छापलेले लेख, आणि ज्यांचा इतरांनी जास्त उल्लेख केला ते आधी. हे सगळे इंग्रजीत लिहावे लागते, पण दहावीच्या इंग्रजीपेक्षा अवघड काही नसते.

एवढे तर संकेतस्थळावरही जमते, मग कोड कशाला? कारण कोड हा कागदावर राहतो. काय विचारले, कोणती नावे घेतली, किती मागे पाहिले, हे सगळे त्या पाच ओळींत नोंदलेले असते. मार्गदर्शकाला ते वाचता येते. 'अरे, यात उस्मानाबाद नाही घातलंस' असे त्याला म्हणता येते. सहा महिन्यांनी त्याच ओळी पुन्हा चालवल्या की मध्यंतरी काय नवे आले ते समजते. संकेतस्थळाच्या चौकटीत घाईघाईने टाकलेला शब्द मात्र संध्याकाळी टाकणाऱ्यालाच आठवत नाही.

लायब्ररीच्या स्वतःच्या खोडीही आहेत आणि त्या माहीत हव्यात. किती निकाल हवेत हे सांगितले नाही, तर ती ठराविक संख्येवर थांबते. नवख्या माणसाला वाटते, एवढेच आहेत. शीर्षक, लेखक, सारांश यांपैकी काय हवे ते आधीच मागितले नाही, तर नंतर एकेका लेखासाठी ती पुन्हा पुन्हा केंद्राकडे धावते आणि दिवसाचा कोटा संपवते. हा कोटा साधारणपणे पाच हजार शोधांचा असतो. एका प्रबंधाला तो पुरून उरतो, पण निष्काळजी प्रोग्राम तासाभरात फस्त करू शकतो.

खरे बळ आहे ते उल्लेखांच्या साखळीत. एक चांगला लेख सापडला की त्याने कोणाचा आधार घेतला आणि पुढे त्याचा आधार कोणी घेतला, हे दोन्ही बाजूंनी विचारता येते. सोयरिकीच्या वेळी गावाकडे जसे एका आडनावावरून तीन पिढ्या वर आणि दोन खाली जातात, तसे. नाव चुकलेला लेखही या वाटेने हाती लागतो. आकाशातल्या वस्तूंसाठी तर आणखी सोय आहे. देवयानी दीर्घिकेला कुणी एम ३१ म्हणतो, कुणी एनजीसी २२४. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या केंद्राने अशा सगळ्या नावांची एक वही ठेवली आहे आणि एडीएस ती वापरते. कुठल्याही नावाने हाक मारा, वस्तू तीच समजली जाते.

आणखी एक गोष्ट वैद्यकाने हेवा करावा अशी. एडीएसने जुनी नियतकालिके मागच्या शतकांपासून पानोपानी स्कॅन करून मोफत ठेवली आहेत. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले तेव्हा परंड्याला लागूनच असलेल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरला वेधासाठी तळ पडले होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक नायगामवाला तिथे होते आणि कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेची मंडळीही होती. सव्वाशे वर्षांपूर्वीचे असे वृत्तांत आज धाराशिवच्या बसस्थानकात बसून मोबाइलवर वाचता येतात.

किती मागे पाहिले, हा प्रश्न हौशी इतिहासकारांपुरता नाही. जून २००१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याच्या एका अभ्यासात २४ वर्षांच्या निरोगी स्वयंसेविकेला हेक्झामेथोनियम हे औषध हुंगायला दिले. तिची फुप्फुसे निकामी झाली आणि ती दगावली. औषध सुरक्षित आहे का, हे संशोधकाने पाहिले होते. पबमेडवर शोध घेतला होता, चालू पाठ्यपुस्तके चाळली होती. पण पबमेडची सूची तेव्हा १९६६ पर्यंतच मागे जात होती, आणि या औषधाने फुप्फुसांना इजा होते हे सांगणारे लेख १९५० च्या दशकातले होते. ते ग्रंथालयात कागदावर पडून होते. पडद्यावर काही आले नाही आणि 'काही आले नाही' याचा अर्थ 'धोका नाही' असा घेतला गेला. चौकशी झाली, विद्यापीठातले सरकारी निधीवरचे संशोधन काही काळ थांबवले गेले.

पबमेड ही वैद्यकातली एडीएस. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने ती १९९७ पासून सर्वांना मोफत केली. पावणेचार कोटींच्या आसपास नोंदी. तिलाही पायथनमधून प्रश्न विचारता येतात, 'बायोपायथन' नावाच्या लायब्ररीत त्याची सोय आहे. किल्ली नसेल तर सेकंदाला तीन प्रश्न, असेल तर दहा. किल्लारीच्या जमिनीचा अभ्यास खगोलवाल्यांच्या सूचीत आणि किल्लारीच्या माणसांचा अभ्यास वैद्यकाच्या सूचीत, अशी एकाच पहाटेची वाटणी झालेली आहे. दोन्हीकडे विचारल्याशिवाय पूर्ण चित्र दिसत नाही.

नावांचा घोळ वैद्यकात तर आकाशापेक्षा जास्त. लाल विंचवाचे उदाहरण घ्यावे. दख्खनमध्ये दगडांच्या ढिगात, जुन्या भिंतीत, कडब्याच्या गंजीत सापडणारा हा विंचू लहान मुलांच्या जिवावर उठतो. त्याच्या दंशावर जगात ज्या कामाचा दाखला दिला जातो ते महाराष्ट्रातल्याच एका डॉक्टरचे. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे मराठवाड्यातल्या जालना जिल्ह्याचे. रायगडमधल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला त्यांनी हे रुग्ण पाहिले. प्राझोसिन या रक्तदाबावरच्या साध्या गोळीने हे रुग्ण वाचतात, हे त्यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, ही चाचणी २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. मधल्या काळात विंचवाचे शास्त्रीय नाव बदलत गेले. आधी ब्युथस टॅम्युलस, मग मेसोब्युथस टॅम्युलस, आता हॉटेंटोटा टॅम्युलस. विंचू तोच, विष तेच. नव्या नावाने शोधणाऱ्या तरुण डॉक्टरला जुनी कामे दिसायची हमी नाही. पबमेडमध्ये लेखांना ठरावीक विषयशब्द लावलेले असतात आणि त्याने बरेचसे सांधले जाते, पण सगळे नाही. रात्री दोन वाजता घामाघूम झालेले, हातपाय गार पडलेले मूल समोर असताना शोध घ्यायला कुणी बसत नाही. तो आधीच घेतलेला असावा लागतो.

म्हणूनच वैद्यकातल्या पद्धतशीर आढाव्यांना आता आपला शोध जसाच्या तसा छापावा लागतो. कोणती सूची, कोणते शब्द, कोणत्या तारखेपर्यंत. तो पुराव्याचाच भाग मानतात. आपल्याकडच्या प्रबंधांत मात्र 'पूर्वसंशोधनाचा आढावा' हे प्रकरण बरेचदा मागच्या वर्षीच्या प्रबंधातून उचललेले असते, त्यातल्या चुकांसकट. आता तर चॅटबॉटला विचारून संदर्भ घेण्याची नवी सवय लागली आहे. लेखकाचे नाव खरे वाटणारे, नियतकालिक खरे, वर्ष आणि पानही दिलेले, पण तो लेख कुणी कधी लिहिलेलाच नाही, असे संदर्भ ही यंत्रे बिनदिक्कत देतात. सूचीला विचारलेल्या प्रश्नाला दुसऱ्या मर्यादा असतील, पण नसलेला लेख ती बनवून देत नाही. एडीएसमधल्या प्रत्येक लेखाला १९ अक्षरांचा एक संकेत असतो. वर्ष, नियतकालिक, खंड, पान आणि पहिल्या लेखकाच्या आडनावाचे आद्याक्षर त्यातच गुंफलेले. तो टाकला की लेख उघडतो किंवा उघडत नाही. चॅटबॉटने दिलेला संदर्भ तपासायला एवढे पुरेसे आहे.

हे शिकवायला फार पैसे लागत नाहीत. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, मराठवाडा विद्यापीठाचे उपपरिसर आहे. विज्ञान शाखेच्या मुलांना पायथन अभ्यासक्रमात असतेच. तिथे तीच ती त्रिकोणाच्या क्षेत्रफळाची उदाहरणे सोडवून घेण्याऐवजी आपल्या जिल्ह्यावरचे शोधनिबंध शोधायला लावता येतील. वैद्यकीय विद्यार्थ्यांना ग्रंथपालाने दोन दुपार दिल्या तरी काम भागेल. एक अट मात्र विद्यापीठाने घालावी: प्रबंधाला शोधाचा मजकूर जोडल्याशिवाय तो स्वीकारू नये. दोन ओळींचे परिपत्रक पुरेल.

शोध लागला तरी लेख वाचायला मिळतो का, ही पुढची अडचण. इथे खगोलशास्त्रज्ञ सुखी आहेत. त्यांच्यात छापण्याआधीच लेख 'आर्काइव्ह'वर मोफत ठेवण्याची प्रथा १९९१ मध्ये ते सुरू झाल्यानंतर लवकरच रुळली. वैद्यकात सारांश मोफत आणि पुढे कुलूप, असे पुष्कळदा होते. केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था. चांगले पाऊल आहे. पण ती सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. लोहाऱ्याच्या किंवा भूमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला वैद्यकीय अधिकारी त्यात बसत नाही, कारण आरोग्य केंद्र ही शिक्षण संस्था नव्हे. विंचवाचे काम ज्या प्रकारच्या जागेतून झाले तीच जागा यादीबाहेर राहिली आहे. राज्याच्या आरोग्य विभागाने या अधिकाऱ्यांना जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या खात्यातून प्रवेश मिळवून देण्याचा आग्रह केंद्राकडे धरायला हवा. त्यांची संख्या कितीशी असते?

तोवर जे मोफत आहे त्यावर काम सुरू करता येते. जिल्ह्याच्या आरोग्यावर प्रबंध लिहायला घेणाऱ्याला शोधाच्या ओळीत उस्मानाबाद घालावे लागेल, धाराशिव घालावे लागेल, इंग्रजीत दोन्हींची जी स्पेलिंगे चालतात ती घालावी लागतील. भूकंपाचा विषय असेल तर किल्लारी, खिल्लारी, लातूर, मराठवाडा, आणि दोन तारखा. सास्तूरचे नाव घालायलाही हरकत नाही. निकाल आला नाही तर आला नाही. विचारले होते, हे त्या ओळीत दिसेल.